सेंट्रिफ्यूज थांबवताना ड्राइव्ह वारंवार ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो? पॅरामीटरला हात लावण्याआधी बास्केट मोजा

कुंडई, वेर्णा, पिळर्ण, तुये, कुंकळ्ळी, गोव्यातली औद्योगिक वसाहत कुठलीही घ्या. जिथे बास्केट सेंट्रिफ्यूज (जाळीची बास्केट वेगाने फिरवून द्रवातून घन माल वेगळा करणारं मशीन) किंवा डिकँटर (त्याचाच सतत चालणारा आडवा प्रकार) व्हीएफडीवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हवर चालतो, तिथली तक्रार जवळपास एकाच शब्दांत ऐकू येते. "सर, चालू होतो, फुल स्पीडला जातो, काही प्रॉब्लेम नाही. थांबवायला घेतला की ट्रिप मारतो. रीसेट केला की परत ठीक." दोन दिवस शांततेत जातात आणि मग रात्रीच्या शिफ्टला पुन्हा तेच.

यावर होणारा इलाजही ठरलेला. मेंटेनन्सवाला डिसेलरेशन टाइम, म्हणजे थांबायला दिलेला वेळ, ६० सेकंदांचा ९० करतो. ट्रिप थांबतो. आठवड्याभरात प्रॉडक्शनची कुरकुर सुरू होते की बॅच लांबतेय, आणि कोणीतरी कीपॅडवरून तो आकडा गुपचूप ६० वर आणून ठेवतो. हे चक्र दोनचार वेळा फिरलं की ड्राइव्ह बदलायची भाषा सुरू होते. नवा ड्राइव्ह येतो, त्यात रॅम्प (वेग उतरवण्याचा ठरलेला वेळ) फॅक्टरी सेटिंगचा, म्हणजे जेमतेम काही सेकंदांचा, आणि तो तर पहिल्याच दिवशी ट्रिप होतो. जुना ड्राइव्ह बिचारा स्टोअरमध्ये पडून असतो, बहुतेक वेळा धडधाकट.

डिस्प्लेवर दिसणारं नाव कंपनीगणिक बदलतं. मित्सुबिशीवर ई.ओव्ही३, श्नायडरच्या अल्टिवारवर ओबीएफ, सीमेन्सच्या मायक्रोमास्टरवर एफ०००२, डॅनफॉसवर अलार्म ७, यास्कावावर नुसतं ओव्ही. अर्थ एकच : डीसी बसवरचं, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी कपॅसिटरवरचं व्होल्टेज मर्यादेच्या वर गेलं.

बसवर एवढं व्होल्टेज येतं कुठून

४१५ व्होल्ट सप्लायचं रेक्टिफिकेशन झालं की बसवर लोड असताना साधारण ५६० आणि बिनलोड ५८७ व्होल्ट डीसी असतात. ४०० व्होल्ट वर्गातले बहुतेक ड्राइव्ह ८०० ते ८२० च्या आसपास ट्रिप होतात. म्हणजे मधली जागा सव्वादोनशे व्होल्टची.

मोटर वेगात फिरते आहे आणि ड्राइव्हने फ्रिक्वेन्सी खाली आणायला सुरुवात केली, की रोटरचा वेग मोटरमधल्या फिरत्या चुंबकीय फील्डच्या पुढे जातो आणि मोटर जनरेटर बनते. बास्केटमधली ऊर्जा उलटी ड्राइव्हकडे येते. पुढच्या रेक्टिफायरचे डायोड एकाच दिशेचे, त्यामुळे ती सप्लायकडे परत जाऊ शकत नाही, कपॅसिटरमध्ये साठते. पंखा किंवा पंप असेल तर हवा-पाणीच त्याला थांबवतं, प्रश्न येत नाही. सेंट्रिफ्यूजची बास्केट मात्र जड, बेअरिंग चांगले, घर्षण कमी.

एक उदाहरण आकड्यांनिशी घेऊ, पुढे हेच वापरायचं आहे. १२०० मिमी व्यासाची बास्केट, १००० आरपीएम, १५ किलोवॅटची चार पोलची मोटर, व्ही-बेल्ट. रिकाम्या बास्केटचा इनर्शिया (फिरण्यातलं जडत्व) १०० किलोग्रॅम मीटर वर्ग धरा. सरासरी अर्ध्या मीटर त्रिज्येवर १२० किलो ओला केक (गाळून राहिलेला घन माल) बसला की त्यात ३० ची भर, एकूण १३०. १००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०४.७ रेडियन. अर्धा गुणिले इनर्शिया गुणिले वेगाचा वर्ग केला तर रिकाम्या बास्केटमध्ये ५४८ किलोज्यूल आणि भरलेल्या बास्केटमध्ये ७१३ किलोज्यूल.

आता ड्राइव्हचा कपॅसिटर बँक १५०० मायक्रोफॅरडचा असेल तर ५८७ वरून ८०० व्होल्टपर्यंत जाताना तो किती गिळू शकतो? फक्त २२० ज्यूल. विहीर वाटीत ओतायला निघालोय आपण. मोटरच्या तांब्यालोखंडात आणि बेल्ट-बेअरिंगच्या घर्षणात काही हिस्सा जातो म्हणून लांब रॅम्पला गाडं चालतं. पण ते "चालणं" काठावरचं असतं. काठावर असल्यामुळेच तो कधी ट्रिप होतो, कधी नाही, आणि सगळे चक्रावतात.

कधी होतो, कधी नाही : आधी फॉल्ट हिस्टरी वाचा

रीसेट दाबण्याआधी एक मिनिट द्या. जवळजवळ प्रत्येक ड्राइव्ह शेवटच्या फॉल्टच्या वेळची फ्रिक्वेन्सी, करंट आणि बस व्होल्टेज जपून ठेवतो. हे तीन आकडे वहीत उतरवा, सोबत वेळ आणि बास्केट भरलेली होती की रिकामी, तेही. आठवड्याभराच्या नोंदींत कारण बहुधा आपोआप दिसायला लागतं.

फॉल्टच्या वेळची फ्रिक्वेन्सी फुल स्पीडच्या जवळची असेल, म्हणजे ५० वरून निघून ४७-४८ वर येता येता ट्रिप, तर ती सुरुवातीच्या पॉवरच्या उसळीची गोष्ट आहे. सरळ रेषेतल्या रॅम्पमध्ये ब्रेकिंगचा टॉर्क सगळीकडे सारखा, पण पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले वेग, त्यामुळे सगळ्यात जास्त पॉवर पहिल्या क्षणाला परत येते. ट्रिप मध्येच कुठेतरी, ३० हर्ट्झच्या आसपास येत असेल आणि परत येणारी ऊर्जा जाळणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावलेला असेल, तर रेझिस्टर तापून त्याच्या थर्मल स्विचने साथ सोडली का बघा.

ट्रिप रात्रीच जास्त होत असतील किंवा रविवारी, चतुर्थीच्या दिवसांत, तर मल्टीमीटर घेऊन सप्लाय मोजा. अर्धी वसाहत बंद असली की फीडरवरचा लोड उतरतो आणि व्होल्टेज चढतं. ४१५ च्या जागी ४४५ असेल तर बस बिनलोड ६२९ वर उभी असते. सव्वादोनशेतले चाळीसेक व्होल्ट बसल्या जागी गेले. दिवसा काठावर चालणारा रॅम्प रात्री पडतो तो असा. ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून हे सुधारता येतं, पण दिवसा पूर्ण लोडवर काय मिळतं ते पाहूनच.

आणि ट्रिप जर थांबवताना नाही तर स्थिर वेगाला किंवा नुसत्या स्टँडबायला येत असेल, तर तो वेगळाच रोग. शेजारी एपीएफसी पॅनल (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं कपॅसिटरचं पॅनल) आहे का बघा. कपॅसिटर बँक आत-बाहेर होताना येणारी उसळी बसवर चढते. तिथे ड्राइव्हच्या इनपुटला ३ टक्क्यांचा लाइन चोक बसवा. डिसेल टाइमशी त्याचा संबंध नाही, तरी हमखास त्याच्याशीच खेळलं जातं.

अजून एक सापळा. कमिशनिंगची ट्रायल रिकाम्या बास्केटवर होते. कागदावर सही होते, सगळे जेवायला जातात. पहिली खरी बॅच भरली की इनर्शिया तीस टक्क्यांनी वाढलेला. ट्रायल घ्यायचीच तर केकसकट घ्या. केक नसेल तर निदान तेवढी वाढ धरून रॅम्प लावा.

बास्केट मोजायची कशी

मशीनवाल्याकडे इनर्शियाचा आकडा मागितला तर कधी मिळतो, कधी "कळवतो" असं उत्तर मिळतं. वाट बघू नका, कोस्ट टेस्ट घ्या. लागतं काय, तर एक नॉन-कॉन्टॅक्ट टॅकोमीटर, रिफ्लेक्टिव्ह टेपचा तुकडा आणि स्टॉपवॉच.

टेप बास्केटच्या पुलीवर लावा, मोटरच्या नाही. मशीन फुल स्पीडला स्थिरावू द्या आणि डिस्प्लेवरची आउटपुट पॉवर लिहून ठेवा. मग स्टॉप मोड तेवढ्यापुरता "कोस्ट" किंवा "फ्री रन" करून स्टॉप द्या आणि १००० वरून ९०० आरपीएमला यायला किती वेळ लागतो ते मोजा.

इथे एक गोष्ट नवीन माणसाला आधीच सांगून ठेवावी. फ्री रन स्टॉप दिला की ड्राइव्हचा डिस्प्ले त्या क्षणी शून्यावर येतो. ड्राइव्हने आउटपुट बंद केलं, त्याच्या दृष्टीने काम संपलं. इकडे बेल्ट शिट्टी घालतोय, बास्केट ९८० वर फिरतेय आणि पॅनलवर ठळक ०.०० दिसतंय. हे शून्य पाहून झाकणाकडे हात गेला तर काय होईल ते सांगायला नको. इंटरलॉकचा विषय खाली येतोच आहे.

गणित असं. स्थिर वेगाला डिस्प्ले समजा २.६ किलोवॅट दाखवतोय. त्यात मोटरचे स्वतःचे नुकसानही धरलेलं असतं; साधारण ०.६ वजा करा, राहिले २. वेग घटतो तशी ही पॉवरही घटते, म्हणून १००० ते ९०० या पट्ट्यात सरासरी १.८ धरा. वेळ लागला ६० सेकंद, तर गेलेली ऊर्जा १०८ किलोज्यूल. दोन्ही वेगांच्या वर्गांतला फरक २०८३, त्याचा अर्धा १०४१. १,०८,००० भागिले १०४१ म्हणजे १०४. बास्केटचा इनर्शिया शंभरच्या घरात, हातात आला. दहा टक्के इकडेतिकडे होईल, रॅम्प ठरवायला एवढं पुरतं.

रॅम्प किती, हे मोटरला विचारा

प्रॉडक्शनला ६० सेकंद हवेत. देता येतील का? भरलेली बास्केट ६० सेकंदांत थांबवायला बास्केटच्या शाफ्टवर २२७ न्यूटन मीटर टॉर्क लागतो. १५ किलोवॅटच्या मोटरचा रेटेड टॉर्क ९८. बेल्टच्या गुणोत्तराने बास्केटवर तो होतो १४३. घर्षणाची मदत धरली तरी ९० सेकंदांच्या खाली गेलं की मोटर दर बॅचला ओव्हरलोडमध्ये जाणार. रेझिस्टर कितीही मोठा लावा, ६० सेकंद हे या मोटरचं काम नाही. हा आकडा एकदा लिहून मॅनेजरच्या टेबलावर ठेवला की कीपॅडवरचा लपंडाव थांबतो. पासवर्ड लॉकपेक्षा याचा परिणाम चांगला होतो, असा माझा अनुभव आहे. लॉक करायचं तर कराच, पण पासवर्ड पॅनलच्या दारावर मार्करने लिहू नका.

आपण १२० सेकंद धरू. आता दोन रस्ते आहेत आणि दोन्ही एकदम धरता येत नाहीत.

पहिला बिनखर्चाचा. ड्राइव्हमधलं ओव्हरव्होल्टेज कंट्रोल किंवा स्टॉल प्रिव्हेन्शन चालू ठेवायचं. बस चढायला लागली की ड्राइव्ह रॅम्प जरा थांबवतो, बस उतरली की पुढे नेतो. ट्रिप होत नाही, पण थांबायला लागणारा वेळ तुमच्या हातात राहत नाही. आज तीन मिनिटं, उद्या साडेतीन. डिकँटर किंवा डिस्क सेपरेटर दिवसातून एकदा-दोनदाच थांबत असेल तर हाच रस्ता घ्या. रेझिस्टरवर पैसे घालू नका, डिसेल टाइम भरपूर ठेवा आणि विषय संपवा.

दर अर्ध्या तासाला बॅच उतरवायची असेल तर दुसरा रस्ता : ब्रेकिंग चॉपर, म्हणजे बस चढली की रेझिस्टर जोडणारा स्विच, आणि रेझिस्टर. लहान ड्राइव्हमध्ये चॉपर बहुधा आतच असतो, मोठ्याला वेगळं ब्रेकिंग युनिट लागतं. कुठपर्यंत आत आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. आणि वारंवार येणाऱ्या तक्रारींत मला सगळ्यात जास्त सापडणारी गोष्ट इथेच असते : रेझिस्टर बसवला, वायर जोडली, पण स्टॉल प्रिव्हेन्शन बंद केलंच नाही. मग बस चॉपरच्या पातळीला पोचण्याआधीच ड्राइव्ह रॅम्प रोखून धरतो आणि रेझिस्टर नुसता शोभेला उभा. यास्कावावर एल३-०४ शून्य किंवा तीन करावा लागतो, मायक्रोमास्टरवर पी१२४० शून्य, डेल्टाच्या सी२००० वर ०६-०१ शून्य. मित्सुबिशीला बाहेरचा रेझिस्टर आहे हे पीआर.३० मधून सांगावं लागतं.

तपासायची सोपी रीत : एक पूर्ण स्टॉप झाल्यावर रेझिस्टरच्या बॉक्सवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. हात लावू नका. बॉक्स गार असेल तर तीनपैकी एक : स्टॉल प्रिव्हेन्शन चालू आहे, चॉपर चालत नाही, किंवा रेझिस्टर ओपन आहे. चकचकीत स्टीलवर हे थर्मामीटर कमी तापमान दाखवतं, तेव्हा बॉक्सवर काळ्या रंगाचा ठिपका मारून तिथे रोखा.

रेझिस्टरची निवड आणि "दहा टक्के ड्यूटी"चा घोटाळा

भरलेली बास्केट १२० सेकंदांत थांबवताना शाफ्टवरची कमाल पॉवर ११.९ किलोवॅट. घर्षणाचे २ वजा, मोटरचे नुकसान वजा, ड्राइव्हपर्यंत पोचतात साधारण ९. चॉपर ७६० व्होल्टला चालू होत असेल तर ७६० चा वर्ग भागिले ९००० म्हणजे ६४ ओहम. रेझिस्टर याहून कमी हवा, ५० घ्या. पण ड्राइव्हने सांगितलेल्या किमान ओहमच्या खाली जाऊ नका, नाहीतर चॉपरचा आयजीबीटी (पॉवर ट्रान्झिस्टर) जातो.

ओहम बहुतेक जण बरोबर निवडतात. चूक होते ती वॅटमध्ये. पुरवठादार विचारतो, ड्यूटी किती? आपण हिशोब करतो, अर्ध्या तासात दोन मिनिटं, म्हणजे सात टक्के सुद्धा नाही. दहा टक्के ड्यूटीचा द्या. कॅटलॉगमधला दहा टक्के मात्र बहुधा १२० सेकंदांच्या सायकलवर असतो : १२ सेकंद ब्रेक, १०८ सेकंद आराम. लिफ्टला, होइस्टला ते ठीक. सेंट्रिफ्यूज सलग १२० सेकंद ब्रेक करतो. त्या रेझिस्टरच्या नजरेने ही शंभर टक्के ड्यूटी झाली. तो लाल होतो, आतली तार सुटते, ओपन होतो आणि मग "रेझिस्टर असूनही ओव्हरव्होल्टेज" अशी तक्रार येते.

म्हणून ऑर्डर देताना टक्क्यांत बोलूच नका. सांगायचं असं : ५० ओहम, कमाल पॉवर ११.५ किलोवॅट, एका थांब्याला साडेपाचशे किलोज्यूल, १२० सेकंदांत, दर तीस मिनिटांनी एकदा. सरासरी काढली तर तीनशेच वॅट भरते, पण तीनशे वॅटचा रेझिस्टर इथे पहिल्याच स्टॉपला जळेल. एवढी उष्णता एकदम पोटात घेईल इतकं वजन त्यात हवं, म्हणजे स्टीलच्या ग्रिडचा, हवेशीर बॉक्समधला.

रेझिस्टरमध्ये थर्मल स्विच हवाच, आणि तो जोडायचा कुठे हे महत्त्वाचं. नुसता ड्राइव्हच्या एक्स्टर्नल फॉल्ट इनपुटला जोडून चालत नाही. चॉपरचा आयजीबीटी शॉर्ट झाला तर ड्राइव्ह ट्रिप होऊनही रेझिस्टर बसवर कायमचा अडकलेला राहतो आणि तापतच जातो. तो स्विच इनपुटच्या मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये यायला हवा, म्हणजे सप्लायच तुटेल.

जागा. बल्क ड्रगच्या प्लांटमध्ये सेंट्रिफ्यूजभोवती सॉल्व्हंटची वाफ असते, मोटर फ्लेमप्रूफ असते. तापणारा रेझिस्टर त्या झोनच्या बाहेरच, ड्राइव्हसारखाच. ही मोटर व्हीएफडीवर चालवायला प्रमाणित आहे का, तिचे पीटीसी थर्मिस्टर (वाइंडिंगचं तापमान ओळखणारे सेन्सर) ड्राइव्हच्या ट्रिपला जोडलेत का, हेही एकदा बघून घ्या; लांब रॅम्पमध्ये कमी वेगाला मोटरचा स्वतःचा पंखा फारशी हवा देत नाही.

झोनबाहेर म्हणून रेझिस्टर बऱ्याचदा गच्चीवर पत्र्याखाली जातो. तिथे आपला पाऊस आडवा येतो. समुद्राची खारी हवा, सहा महिने दमटपणा. टर्मिनलवर हिरवट थर चढतो, लग सैल होतो, आणि रेझिस्टर गार असताना ५० ओहम दाखवतो, तापला की ओपन. पाचातला एक स्टॉप ट्रिप होतो त्यामागे कितीदा तरी हेच असतं. लग उघडा, घासा, नवीन क्रिम्प मारा, टिन केलेली केबल वापरा. बॉक्सच्या जाळीतून पाली आत जातात, तेही बघा. आणि उघडण्याआधी सप्लाय बंद करून ड्राइव्हच्या लेबलवर लिहिलेली मिनिटं थांबा, मग प्लस-मायनसवर मीटर लावून डीसी उतरलाय याची खात्री करा.

ट्रिप थांबवायचे तीन चुकीचे मार्ग

डीसी इंजेक्शन ब्रेक. कीपॅडवर सहज मिळतो, ओव्हरव्होल्टेजही येत नाही, म्हणून मोहात पाडतो. पण यात बास्केटची ऊर्जा रोटरमध्येच जळते. ३० किलोचा रोटर धरला तर ५४८ किलोज्यूल त्याला एका थांब्यात ४० अंशांनी तापवतात. अर्ध्या तासाने पुन्हा ४०. शेवटच्या दोन-तीन हर्ट्झला बास्केट रोखायची म्हणून जरूर वापरा, फुल स्पीडवरून कदापि नाही.

ऑटो रीसेट. फॉल्ट आला, पाच सेकंदांनी ड्राइव्हने स्वतःच रीसेट केला, ऑपरेटरला कळलंही नाही. तक्रार बंद, रोग चालू. सेंट्रिफ्यूजवर हा पॅरामीटर शून्यच असला पाहिजे, कारण माणसाचा हात आत असू शकतो अशा मशीनला स्वतःहून उठायची मुभा नसते.

तिसरा मार्ग स्टॉप मोड कायमचा कोस्ट करून ठेवण्याचा. ट्रिप जातो खरा, पण रिकामी बास्केट थांबायला पाव तास घेते आणि मग ऑपरेटर लाकडी फळी पुलीला लावून ती थांबवायला शिकतो. अशी फळी पॅनलमागे दिसली तर ती उचला आणि रेझिस्टरचं इंडेंट भरा.

पावसातला झटका

मृग लागला की दुसरी तक्रार सुरू होते. वीज क्षणभर जाते-येते, ड्राइव्ह अंडरव्होल्टेजवर पडतो, ऑपरेटर लगेच स्टार्ट देतो आणि ड्राइव्ह ओव्हरकरंट किंवा ओव्हरव्होल्टेजवर पुन्हा पडतो. बास्केट ८५० वर फिरतेय आणि ड्राइव्ह शून्य हर्ट्झपासून सुरुवात करतोय. दुसरं काय होणार. इथे फ्लाइंग स्टार्ट किंवा स्पीड सर्च लागतो. मायक्रोमास्टरवर पी१२००, यास्कावावर बी३-०१, मित्सुबिशीवर पीआर.५७. ड्राइव्ह आधी फिरत्या मोटरचा वेग शोधतो आणि तिथूनच पकडतो. हा पर्याय द्यायचा तो ऑपरेटरने स्टार्ट दाबल्यावर; वीज आली की आपोआप सुरू, असा नाही.

त्याहून चांगलं म्हणजे पडूच न देणं. बास्केटमध्ये अर्धा मेगाज्यूल फुकट पडून आहे. बऱ्याच ड्राइव्हमध्ये कायनेटिक बफरिंगची सोय असते : सप्लाय गेला की ड्राइव्ह वेग किंचित कमी करून बास्केटचीच ऊर्जा बसवर घेतो आणि जिवंत राहतो. एकदोन सेकंदांच्या झटक्याला हे सेंट्रिफ्यूजवर फार छान चालतं. अट एक. रन कमांडचा रिले आणि कॉन्टॅक्टर २३० व्होल्ट एसी कॉइलचे असतील तर झटक्याला तेच आधी सुटतात आणि ड्राइव्हला नाहक स्टॉप मिळतो. कंट्रोल सप्लाय छोट्या यूपीएसवर किंवा २४ व्होल्ट डीसीवर घ्या. कित्येकदा एवढंच केल्यावर बाकी काही करावं लागत नाही.

झाकण आणि कमाल फ्रिक्वेन्सी

ड्राइव्हचा "रनिंग" रिले झाकणाच्या इंटरलॉकला जोडलेला दिसला तर मशीन त्या दिवशी चालवू नका. ट्रिप झाला की तो रिले लगेच सुटतो, बास्केट फिरतच असते. इंटरलॉकला बास्केटच्या शाफ्टवरचा स्वतंत्र झिरो स्पीड सेन्सर हवा.

कमाल फ्रिक्वेन्सी बास्केटच्या नेमप्लेटवरच्या आरपीएमवरून काढा आणि तिथेच कुलूप लावा. धातूवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो : दहा टक्के वेग वाढवला तर ताण २१ टक्के, ५० च्या जागी ६० हर्ट्झ दिले तर ४४ टक्के. पुली बदलली असेल तर आकडा पुन्हा काढा. माल कोरडा निघत नाही म्हणून "जरा दोन हर्ट्झ वाढवून बघू" हे वाक्य सेंट्रिफ्यूजजवळ कोणी बोलू नये.

बंदीनंतरची पहिली सुरुवात

फिशमील आणि फिश ऑइलवाल्यांसाठी वेगळं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, डिकँटर आणि सेपरेटर ऐन पावसात दोन महिने गार पडून. ऑगस्टमध्ये बटण दाबलं की ग्राउंड फॉल्ट. ड्राइव्ह उघडून दमट असेल तर आधी वाळवा. मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवा आणि मगच मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावा. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर मारला तर आयजीबीटीची हमी नाही. रेझिस्टरही सोडवून ओहम मोजा. पॅनलचा स्पेस हीटर बंदीच्या काळात चालू ठेवला असता तर यातलं निम्मं टळलं असतं. मेन बंद करताना हीटरची लाइन वेगळी ठेवायला इलेक्ट्रिशियनला मे महिन्यातच सांगा.

एवढं करूनही ट्रिप येत राहिला आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर ही माहिती जवळ ठेवा : फॉल्टच्या वेळची फ्रिक्वेन्सी आणि बस व्होल्टेज, दिवस-रात्रीचं सप्लाय व्होल्टेज, कोस्ट टेस्टचे सेकंद, मोटर आणि बास्केटच्या नेमप्लेटचे फोटो, रेझिस्टरचे मोजलेले ओहम. "ओव्ही येतो, काय करू" एवढ्यावर फोनवरून फक्त डिसेल टाइम वाढवायलाच सांगता येतं.